मागच्या वेळेसारखंच

२ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून नियमित नोंद. विषय : कन्येचा विवाह. दिनांक : ७ एप्रिल. पत्नीने रुग्णालयात माझ्याकडून वचन घेतले होते, की पोरीचं लग्न झोकात करा हं, तुमच्यासारखं रटाळ नको. यातील उत्तरार्ध औषधांच्या गुंगीत उच्चारला गेल्याने विचारात घेतलेला नाही. ‘झोकात’ म्हणजे हल्ली ज्यास स्टायलिश म्हणतात ते. बजेट अत्यल्प आहे. परंतु चौतीस वर्षे अभिलेख कक्ष सांभाळलेल्या माणसास नियोजन शिकवावे लागत नाही.
पत्नीस जाऊन नऊ महिने झाले. मी पूर्णपणे सावरलो आहे.

४ मार्च
कन्येशी चर्चा. तिचे म्हणणे, गच्चीवर वीस माणसं बोलावू, सह्या करू, पोटभर जेवू आणि नाचू. गच्चीवर! जेथे पाण्याची टाकी आहे! प्रस्ताव फेटाळला. मग म्हणाली, बरं बाबा, करा तुमच्या मनासारखं, पण एक ऐका. आईचा तो हसरा फोटो दाराशी छोट्या टेबलावर ठेवा, म्हणजे येईल त्याला आधी आई भेटेल.
सदर फोटो स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. त्यात पत्नीचे झाडून सगळे दात दिसतात. मागणी तत्त्वतः मान्य केली.
भावी जावई उपस्थित होता. कवळ्या बनवतो. म्हणाला, काकूंच्या दातांची ठेवण काय सुरेख होती, आम्हाला साच्यात जमत नाही. नोंद : उथळ.

९ मार्च
मोठे यश! वाचनालयामागचा हॉल मिळाला. गतवर्षी जूनमध्ये पत्नीची शोकसभा तेथेच घेतली होती. मॅनेजरने लगेच ओळखले. जुन्या ग्राहकास घसघशीत सूट आणि वर्षभरात तिसरे बुकिंग मोफत. तिसरे कशाला लागणार, असे विचारले. तो म्हणाला, लागतं हो साहेब, काहीतरी निघतंच.
मांडणी कशी ठेवू, असे त्याने विचारताच मला मार्ग सापडला. म्हणालो, मागच्या वेळेसारखीच. ती शोकसभा दहाच्या ठोक्याला सुरू होऊन अकरा पन्नासला संपली होती. एकही तक्रार आली नाही. मेहुणीलाही खोट काढता आली नाही. अर्थात ती रडत होती.

१५ मार्च
एका सकाळीत तिघांचा निकाल लावला. फुलवालीने रंग विचारला. मागच्या वेळेसारखाच. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, काका, नक्की ना? पांढरा रंग सध्या फार एलिगंट मानतात, हे तिला कोण सांगणार. कॅटरर : चहा व दोन बिस्किटे. यास मिनिमल म्हणतात. बासरीवाल्यालाही तेच सांगितले. त्याने, ज्यावर सगळे रडले तेच वाजवू ना, अशी खात्री करून घेतली. लग्नात डोळे पाणावतातच.
मेहुणीचा फोन. भाऊजी, लग्न लावताय की ताईचा स्मृतिदिन? संकल्प : मेहुणीशी वाद घालणार नाही.

१६ मार्च
मेहुणीशी वाद घातला.

२२ मार्च
पत्रिका छापून आली. मजकूर स्वतः घासूनपुसून सिद्ध केला : ‘आमची एकुलती एक कन्या हिच्याप्रीत्यर्थ मंगळवार, दि. ७ एप्रिल रोजी सकाळी दहा वाजता आप्तेष्ट एकत्र येत आहेत. पुष्पगुच्छ आणू नयेत. वेळेवर यावे.’ ‘विवाह’ हा शब्द ज्याच्यात्याच्या पत्रिकेत असतो, म्हणून वगळला. करडा कागद शोकपत्रांतलाच शिल्लक होता. कन्येस दाखवली नाही. सरप्राइज.

२७ मार्च
माझे जुने वरिष्ठ, शोकसभेतही सुंदर बोलले होते, त्यांचा फोन. आवाज दाटलेला. अहो, अचानक कसं झालं हे? मी म्हणालो, अचानक कसले, तीन वर्षांपासून चालले होते. आम्हासच उशिरा कळले. ते म्हणाले, पोरीला त्रास झाला का फार? मुळीच नाही, सुटले एकदाची म्हणाली, असे सांगितले. त्यांना पुढे बोलवेना. काय हा जिव्हाळा!
दिवसभरात असेच अकरा फोन. पत्रिका परिणामकारक ठरली आहे.

६ एप्रिल, दुपारी
हॉलची पाहणी. मंचावर पत्नीचा मोठा फोटो लावलेला आढळला. ओळखपत्रावरून वाढवून घेतलेला तोच, काळ्या फितीसह. मॅनेजर म्हणाला, मागच्या वेळेसारखंच ना? फोटो भारदस्त आहे. तोंड मिटलेले. एकाच व्यक्तीचे दोन फोटो म्हणजे द्विरुक्ती. सबब हसरा फोटो न्यायचे रद्द केले. कन्येस समजावून सांगता येईल.

७ एप्रिल, सायंकाळी ५.००
वस्तुस्थिती नोंदवतो. दहाच्या ठोक्याला हॉल भरला. सर्वजण फिक्या कपड्यांत, शांत. शिस्त पाहून समाधान वाटले. अनेकांनी माझे हात हातात घेऊन सावरा, सावरा, असे सांगितले. मी, आनंद आहे, म्हणालो. बायका तोंडात पदर कोंबू लागल्या.
मग वरिष्ठ उठले आणि म्हणाले, आधी आई गेली, वर्षाच्या आत लेक. दोन मिनिटं उभं राहू या.
मी दुरुस्ती करणार होतो. परंतु शांतता सुरू झाली होती, आणि शांततेत बोलणे शिष्टसंमत नाही.
नेमकी त्याच वेळी कन्या दारात आली. लाल पोशाख, हातात हात जावयाचा. कोणीतरी किंचाळले. ती दाराशी टेबल शोधत होती. मग तिने मंचाकडे पाहिले. हळू आवाजातच म्हणाली, बाबा, आईचं उरकलंत, आता माझंही उरकलंत.
त्यानंतर सर्वजण गच्चीवर गेले. नोंदणी अधिकारीही रजिस्टर काखेत मारून गेले. साक्षीदाराच्या जागी मेहुणीने सही केली, असे कळते. मला चला म्हणाले असते. परंतु हॉल बारापर्यंत आपल्या नावावर होता आणि खुर्च्या मोजून द्यायच्या होत्या. एकशे दहा. बरोबर भरल्या. बासरीवाल्यासही वेळ पूर्ण करायची होती. मी पहिल्या रांगेत बसून ऐकले. शोकसभेत व्यवस्था पाहत असल्याने ऐकावयाचे राहिले होते.
परतल्यावर जिन्यापर्यंत गाण्याचा आवाज येत होता. बरेच झोकात चालले असावे.

८ एप्रिल
फ्रिजशेजारी नुसता खिळा आहे. मंचावरचा फोटो तेथे लावून पाहिला. फ्रिजचे दार उघडत नाही.

१९ एप्रिल
कन्या नव्या घरी स्थिरावली. फोन मीच केला. मोफत बुकिंग शिल्लक आहे, तुझ्यासाठी राखून ठेवू का, असे विचारले. म्हणाली, नको बाबा, ते तुम्हालाच लागेल. माझा इतका पुढचा विचार ती करते.

२० एप्रिल, सकाळी ११.००
मॅनेजरचा फोन. मोफत बुकिंगची मुदत १२ जूनपर्यंत. मांडणी कशी ठेवायची? मागच्या वेळेसारखीच, म्हणालो.
त्याने विचारले, कुठल्या मागच्या, साहेब?
विचार करून कळवतो, असे सांगितले.