मी हाय तवरची ग्यारंटी

आप्पा,

एक दुकानदारीची गोष्ट विचारायची आहे. तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली, कोल्हारच्या स्टँडसमोरच्या आपल्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकतात, तेव्हा विचारायला जरा उशीरच झाला म्हणायचा. पण वस्तूंच्या बाबतीत तुमच्याइतका हट्टी माणूस मला पुन्हा भेटला नाही. माझ्यातला हट्टही तुमच्याकडूनच आलेला आहे, म्हणून तुमच्याशीच भांडायला बसले आहे.

आईसाठी ऑक्सिजनचं मशीन मागवलं. चुलीच्या धुरानं तिची छाती कधीच निकामी केली होती, आता जिनाच काय, उंबरासुद्धा तिला चढ वाटतो. डॉक्टर म्हणाले, घरीच मशीन ठेवा, दिवसातला बराच वेळ लावावं लागेल. मी नोकरीतून मोकळी होऊन इथेच राहायला आले आहे, तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. तुम्ही असतात तर नगरची चार दुकानं पालथी घातली असती, प्रत्येक मशीन उलटं करून बुडाचे स्क्रू बघितले असते. मी ओसरीवर बसून मोबाईलवर मागवलं. ते घरातलीच हवा ओढून घेतं आणि त्यातला ऑक्सिजन नळीनं आईच्या नाकात सोडतं. पिठाच्या मोठ्या डब्याएवढं आहे, चालू केलं की श्वास घेतं, क्षणभर थांबतं, मग सोडतं. पहिल्या दिवशी दुपारी मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, आणि या घरात तिसरं माणूस झोपलंय असं वाटून मी दारात येऊन बघून गेले.

आता प्रश्न. मशीनला कंपनीची एक वर्षाची वारंटी आहे. खाली लिहिलेलं, जास्त पैसे भरून ती वाढवता येईल: आणखी एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. मशीन घरी आल्यापासून महिन्याभरात काय ते ठरवा. असल्या वाढीव वारंटीच्या नादी मी कधी लागले नाही. फोनला घेतली नाही, फ्रिजला घेतली नाही. तुम्हीच म्हणायचात, जी वस्तू मुळात खोटी आहे ती चार महिन्यांत रंग दाखवते, आणि जी तेवढं निभावते ती मग म्हातारी होईपर्यंत हलत नाही. मधल्या वर्षांची भीती दाखवून पैसे काढायचे, असा सरळ हिशेब. शिवाय मी बारीक अक्षरातल्या अटी वाचल्या. विजेचा दाब कमीजास्त होऊन बिघाड झाला तर भरपाई नाही. आपल्याकडे दुसऱ्या कशानं काय बिघडतं हो? माणूस घरी येऊन दुरुस्त करील, पण त्यांच्या यादीत आपलं गाव असेल तर. म्हणजे जिथे गरज तिथे हात वर. फ्रिज असता तर मी तिथेच विषय संपवला असता.

पण हे मशीन फ्रिज नाही, आप्पा. एक वर्ष वाढवते म्हटलं तर मी आईला किती दिवस दिले? काहीच नको म्हटलं तर काय म्हटलं? कंपनीच्या मुलीला फोन लावला तर ती गोड आवाजात विचारते, "मॅडम, पेशंट साधारण किती काळ वापरणारेत?" तिचा काय दोष, तिला तेच विचारायला शिकवलेलं. मी फोन ठेवून दिला आणि भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

आईला विचारलं, तर ती नळी सारखी करत म्हणाली, "कशाला पैशे घालती? ह्यांची हाय की ग्यारंटी."

तुमची ग्यारंटी मला चांगली ठाऊक आहे. रेडिओ असो, पंखा असो, मिक्सर असो, विकताना तुम्ही स्टुलावर बसूनच त्याच्या पाठीवर तळहातानं दोन थापा मारायचात आणि म्हणायचात, "मी हाय तवर बघायचं न्हाई." गुडघ्यामुळे तुम्हाला उभं राहून काम जमायचं नाही, स्टूल ही तुमची गादी. मी शाळेतून येऊन दुकानात बसले होते तेव्हा एका गिऱ्हाइकाला ऐटीत सांगितलं, कंपनी एक वर्षाची देते. तुम्ही हातातली सोल्डरिंगची सळई खाली ठेवलीत. राळेचा धूर तुमच्या तोंडापुढून वर जात होता. "वर्षानं काय मी मरनार हाय का?" असं सगळ्यांदेखत विचारलंत. मी रडले होते. त्या वाक्यात रागावण्यापेक्षा दुसरंच काही होतं, हे तेव्हा कळलं नाही. तुम्हाला खरंच वाटत होतं की शब्द दिला की माणसाला थांबावं लागतं.

आणि थांबलातच की. दहाव्याला प्रवरेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बसलेत, बघतायत, खाली उतरत नाहीत. चुलतभावानं हात जोडून सांगितलं, काकूला अंतर देणार नाही. मी सांगितलं, मी आहे. ऊन चढलं, गुरुजी दर्भाचा कावळा करायचं म्हणू लागले. तेव्हा बाजारतळावर भेळ विकणाऱ्या मावशी बायांच्या गर्दीतून पुढे आल्या. चटणी वाटायला त्यांनी तुमच्याकडून मिक्सर नेला होता. पदर सावरून पिंडासमोर उभ्या राहिल्या आणि शेजारणीशी बोलावं तशा म्हणाल्या, "आप्पा, माज्या मिक्सरची ग्यारंटी सोडली बरं का मी. जावा निवांत." कोणी हसलं नाही. मागून एकजण म्हणाला, "माज्या पंख्याची बी सोडली." मग रेडिओवाले, इस्त्रीवाले, आमच्या घराण्याशी काही संबंध नसलेली माणसं, एकेक करून तुम्हाला शब्दातून मोकळं करत गेली. मग कावळा उतरला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि मी आईकडे बघितलं. तिनं काही सोडलं नव्हतं.

हे सगळं मी गावगप्पा म्हणून सांगत आले आहे, लोक हसतातही. गेल्या आठवड्यापर्यंत मीही हसत होते.

भरदुपारची वेळ. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. मशीननं एकदम शिट्टी धरली, लांब, न थांबणारी, आणि शिट्टीमागचा तो श्वास बंद पडला. वीज होती, डोक्यावर पंखा फिरत होता. पिठाचे हात तसेच घेऊन मी उठले, अडीनडीला आणून ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर कुठल्या कोपऱ्यात आहे तेच आठवेना. तेवढ्यात आतून दोन थापा ऐकू आल्या. पत्र्यावर उघड्या तळहाताच्या, सावकाश, एक आणि मग दुसरी. शिट्टी थांबली. मशीननं श्वास घेतला, थांबलं, सोडला.

मी दारात पोचले तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, दोन्ही हात गोधडीच्या आत. मशीन दाराजवळ, तिच्या हाताला यायचं नाही इतकं लांब. खोलीत राळ जळल्याचा वास होता. घरात सोल्डरिंगची सळई नाही, तुमच्यामागं ती मीच भंगारात दिली होती. आई वळली नाही, तशीच म्हणाली, "आलं हुतं. गेलं आता."

मी दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, एकदा शिट्टी झाली की ते आपोआप चालू होत नाही. बटण बंद करून पुन्हा दाबावं लागतं. घरातल्या कुणीतरी दाबलं असेल." मी म्हटलं, हो, असेल.

संध्याकाळी तिला पेज भरवताना मी विचारलं, "तू दहाव्याला तुझी ग्यारंटी का नाही सोडलीस? कुठली वस्तू होती?" "वस्तू कुठली? लगीन होऊन आले तवा लई रडायची मी. त्यांनी हितं," तिनं स्वतःच्या पाठीवर हात नेण्याचा प्रयत्न केला, तो पोचला नाही, "दोन थापा मारल्या. म्हनले, मी हाय तवर बघायचं न्हाई." मग म्हणाली, "दमलं आसतील गं. किती पळवायचं मानसाला? आता सोडते म्हनते."

मला भीती वाटली, आप्पा, तुमची नाही, तिनं ते वाक्य पुरं करण्याची. मी म्हटलं, "थांब. एवढ्यात नको." ती म्हणाली, "बरं." तोंड उघडून पुढचा घास मागितला.

म्हणून विचारायचं होतं, वाढीव वारंटी घ्यावी की नाही. पण खरं सांगायचं तर मी विचारायच्या आधीच घेऊन बसले आहे. सगळ्यात लांबची, तीन वर्षांची. अटी वाचूनसुद्धा घेतली, आपलं गाव त्यांच्या यादीत नसूनसुद्धा घेतली. पैसे वाया गेलेत हे तुमच्याइतकंच मलाही कळतं. तुम्ही चिडाल, चिडा. हे पत्र घडी घालून मी त्या मशीनच्या खोक्यात टाकणार आहे, तिथून कुठे जायचं नाही.

आणि आणखी एक. माळ्यावरून तुमचं स्टूल काढून, पुसून, मशीनशेजारी ठेवलंय. आईला सांगितलं, कपडे ठेवायला. कपडे मी अजून एकदाही ठेवले नाहीत.