पुठ्ठ्याच्या खोलीबाबत खुलासा

नात्याने व्याही, व्यवसायाने शिंपी आणि मताने सदैव माझ्या विरुद्ध असलेल्या व्याहीबुवांस मानपूर्वक नमस्कार.

इकडील सर्व मंडळी सुखरूप आहेत. आपला गुडघा कसा आहे ते कळवावे. विहीणबाईंची प्रकृती मुद्दाम विचारीत नाही. गेल्या खेपेस फोन हातभर दूर धरूनही त्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. आपल्या दोघांच्या नातीच्या प्रवेशात मी खोडा घातला, असे आपल्या कानी गेल्याचे समजते. माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले असले तरी ती चौथी पक्की होती. म्हणून घडले ते क्रमवार व लेखी मांडतो.

नातीस विद्यापीठात इंटिरिअर डिझाइनची पदवी घ्यावयाची आहे, हे आपण जाणताच. (खोलीत खुर्ची कोठे ठेवावी हे शिकण्यास चार वर्षे लागतात, हे मी प्रथमच ऐकले. मी पन्नास वर्षे खुर्च्या केल्या. लोकांनी त्या आपापल्या अकलेने ठेवल्या व त्यात कोणी दगावल्याचे ऐकिवात नाही.) मुलाखतीस येताना उमेदवाराने एका खोलीची लहानशी प्रतिकृती स्वतः करून आणावी, असा नियम होता. तिने ती तीन आठवडे खपून केली, पण कशाची? पुठ्ठ्याची! कपाटाला दारे होती, ती उघडत नव्हती. टेबलाचे पाय डिंकाने चिकटवलेले. सुताराच्या नातीने डिंकाच्या भरवशावर चारचौघांत उभे राहावे, हे मला पाहवेना. मी कोणास न सांगता त्याच मापाची खोली सागवानात केली. सगळे सांधे खाच पाडून बसवलेले, खिळा एकही नाही. कपाटाचे खण काडेपेटीहून लहान, तरी बाहेर ओढता येत होते. ही खोली मी तिच्या खोक्यात ठेवली, वर सुतळी बांधली आणि खोके स्वतःच उचलून निघालो. एवढे जड कसे, असे तिने वाटेत विचारले. म्हातारपणी सगळेच जड होते, असे मी उत्तर दिले, व ते खोटे नव्हते.

मुलाखत घेणारे तिघे होते. दोन स्त्रिया आणि एक दाढीवाले गृहस्थ. मी बाहेर बसलो होतो, परंतु दार अर्धे उघडे होते व माझे कान पूर्ण. खोके उघडले. दाढीवाल्यांनी एक खण अकरा वेळा आतबाहेर केला (मी मोजले). मग मोठ्या बाईंनी हे कोणी केले म्हणून विचारले. ‘मी’ हे एक अक्षर उच्चारण्यास असे कितीसे कष्ट पडतात? पण ती म्हणाली, “हे माझं नाही. माझं पुठ्ठ्याचं होतं.”

नाइलाजाने मी आत गेलो आणि काम घरचेच असल्याची ग्वाही दिली. त्यावर बाई म्हणाल्या, “आजोबा, प्रवेश नक्की कुणाला हवाय?” दाढीवाले म्हणाले, “यांनाच देऊन टाका, माझी काही हरकत नाही.” मला सवड नसल्याचे मी त्यांस नम्रपणे कळवले. पुठ्ठ्याची खोली कोठे आहे, अशी पुढे विचारणा झाली. ती मी लाकूड चिकटवायच्या सरसाच्या भांड्याखाली ठेवली होती, आणि आता भांडे व खोली एकजीव झाली होती. हे ऐकून नातीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर आमच्या घराण्यातील नव्हे. ती आपल्याकडून आलेली आहे.

अर्ज तेथेच बाद व्हायचा, परंतु मुलगी खरे बोलली म्हणून तिला आठ दिवसांची मुदत मिळाली. एका खऱ्या माणसाची खरी खोली घ्यावी, त्याच्या गरजा विचाराव्यात, नवी मांडणी स्वतःच्या हाताने काढावी आणि ही मांडणी मला सोयीची आहे अशी त्या माणसाची सही आणावी. सही नसेल तर प्रवेश नाही. माणूस शक्यतो खूश करण्यास अवघड निवडावा, असेही बाई म्हणाल्या. नातीने मान न वळवता माझ्याकडे बोट केले.

दुसऱ्याच दिवशी ती वही घेऊन माझ्या कामाच्या खोलीत हजर झाली. किती वाजता उठता, कुठे बसता, पाठ कधी दुखते, असल्या चौकशा डॉक्टरही करत नाही. कामाचे टेबल मागच्या भिंतीला का, असे तिने विचारले. ते चाळीस वर्षे तेथे आहे म्हणून, असे मी सांगितले. तिने फळीवर पेन्सिलीने रेघ मारली व म्हणाली, “आजोबा, यावरून करवत चालवून दाखवा बरं.” मी चालवली. काप रेघेपासून बोटभर दूर गेला. रेघ वाकडी आहे, असे मी स्पष्ट सांगितले. तिने रेघेला गुण्याची पट्टी लावली. रेघ सरळ होती. तिने वहीत काहीतरी टिपून घेतले आणि चहा करायला निघून गेली. (चहा मी मागितलेला नव्हता.)

तिच्या नकाशात टेबल खिडकीखाली आहे, हत्यारे हाताशी आणि बसण्यास पाठीचे स्टूल. पाठीचे स्टूल! मी सही करण्यास साफ नकार दिला. “मग काय हवं ते सांगा, बदलते. पण माझ्यासाठी म्हणून खोटी सही करू नका,” एवढे बोलून ती कागद रंध्याखाली ठेवून गेली. मुदत शनिवारी संपते. चाळीस वर्षांची जागा कालच्या पोरीच्या सांगण्यावरून बदलणार नाही, हा माझा निर्णय कायम आहे. मत आपले वेगळे असणारच. लोभ मात्र तोच असावा.

आपला,
व्याही

ता. क. गुरुवारी दहा ते चार नात घरी नसते. त्या वेळात आपण सहज भेटीस यावे. कारण विशेष नाही. येताना जुने कपडे घालून यावे. टेबल एकट्याने हलत नाही, आणि मुलाला सांगावे तर त्याच्या पोटात काही राहत नाही. गुडघ्यास जपून, हलके टोक आपण धरावे.

ता. क. दुसरा. मी फळी खिडकीशी नेऊन कापून पाहिली. काप बरोबर रेघेवर आला. फळी चांगली होती, एवढेच यावरून सिद्ध होते.

ता. क. तिसरा. सही केली आहे. अभिप्रायासाठी पाच ओळी सोडल्या होत्या; मी ‘काम ठीक’ एवढेच लिहिले. ते वाचून ती हिरमुसेल. पन्नास वर्षांत मी दुसऱ्या कोणाच्या कामाला ठीक म्हटलेले नाही, हे तिला कोणीतरी सांगणे आवश्यक आहे. ते आपण सांगावे. मला जमणार नाही.