परवान्याचं नूतनीकरण

३ मार्च, सोमवार

जावई सकाळीच दुकानात हजर. परवान्याची मुदत काल संपली, म्हणून पिस्तूल जमा करायला आला. नियम साधा आहे. परवाना नवा होईपर्यंत हत्यार घरात ठेवायचं नाही, आमच्यासारख्या विक्रेत्याच्या कपाटात ठेवायचं. माझ्या लोखंडी कपाटात असे अकरा पाहुणे आहेत. हा बारावा.

"सासरेबुवा, आठ-दहा दिवसांत कागद येतो. तोवर जरा तेलपाणी करा."

"जावयाचं हत्यार! न्हाऊमाखू घालून परत पाठवतो."

दोघंही हसलो. तो गेल्यावर नळीतून फडकं फिरवलं. काळंकुट्ट निघालं! म्हणजे बार उडालेला, आणि तोही अलीकडे. गेल्याच महिन्यात जेवताना म्हणत होता, सरावाला जायला वेळच होत नाही, तीन वर्षांत चापाला बोट लावलं नाही.

मग उडवलं कुठे?

४ मार्च

फडकं फेकलं नाही. का कोण जाणे, खणात ठेवलंय.

९ मार्च, रविवार

लेकीकडे गेलो. न कळवता. जावई बाहेर गेला होता. नात जमिनीवर दप्तर पसरून बसलेली. पण आल्या आल्या मान उचलून बघितलं तिनं. आजोबा आहेत हे दिसल्यावर मगच हसली.

पाणी प्यायला आत गेलो. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर कॅलेंडर. तेही कमरेएवढ्या उंचीवर! तारखा काय मांजर बघतं? वर उचललं, तर मागे भोक. लांबी भरून बुजवलेलं, वरून रंगाचा हात मारलेला.

"खिळा चुकला, बाबा."

"कुणाचा?"

तिनं कॅलेंडर पुन्हा खाली सोडलं. अगं, खिळ्याचं भोक कोणतं आणि गोळीचं कोणतं, हे मला डोळे बांधून बोटानं सांगता येईल. माझ्या पोटाची भाकरी आहे ती!

आणखी विचारणार तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ती घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला लागली. नात दप्तर गोळा करून आतल्या खोलीत गेली. कुणी सांगितलं नव्हतं. पावलं ऐकून घर असं गप्प झालेलं मी लहानपणी पाहिलंय. माझा बाप पिऊन यायचा तेव्हा आम्ही भावंडं अशीच भिंतीला लागायचो. आणि मला वाटत होतं, आपण त्या घरातून केव्हाच बाहेर पडलो!

"अरे वा, सासरेबुवा! आज वाट चुकलात?" — जावई. तोंडभर हसू.

मीही हसलो. धंद्यात तीस वर्षं हसलोय, आज काय जड होतं?

जड होतं.

१० मार्च

हिला सगळं सांगितलं. भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली.

"परवाना कुणी काढून दिला त्याला? तुम्हीच ना! घरंदाज माणसाकडे एक असावं म्हणे. चारचौघांत मिरवत होतात, माझा जावई, माझा जावई!"

म्हटलं, अगं, हत्यार बिचारं काय करणार, माणूसच जर—

"ते तुमच्या सभेत बोला. इथे माझी पोरगी आहे."

ते वाक्य मी शंभर वेळा टाळ्या घेऊन म्हटलंय. आज पहिल्यांदा त्याला कुणी उत्तर दिलं.

१२ मार्च, बुधवार

परवाना कचेरीत गेलो. कारकून जुन्या ओळखीचा. चहा मागवला. म्हटलं, एक नूतनीकरण थांबवायचंय. जावयाचं नाव ऐकून त्यानं चष्मा काढला.

"गुन्हा दाखल आहे?"

"नाही."

"बायकोची तक्रार?"

"ती घाबरते. बापाची घ्या की!"

"बापाला रकाना नाही, अध्यक्षसाहेब."

अध्यक्षसाहेब! शस्त्रविक्रेत्यांच्या संघटनेचा अध्यक्ष मी. फुटपाथवर कुलपं दुरुस्त करणारा पोरगा एवढा वर चढला, याचा केवढा तोरा! कारकुनानं अर्ज उलटा करून माझ्यासमोर सरकवला. फोटो, पत्ता, गुन्हा नाही, डोकं ठिकाणावर, सही. संपलं.

"पूर्वी आमचा माणूस घरी जायचा. बायकोला वेगळ्या खोलीत बसवून एवढंच विचारायचा, बाई, तुम्हाला याची भीती वाटते का? नुसतं 'हो' म्हटलं तरी अर्ज अडायचा. नवऱ्याला कारणही कळायचं नाही. ते कुणी बंद करवलं, आठवतं ना?"

आठवतं. चार वर्षं झाली. त्या चौकशीत दोन-दोन महिने जायचे, गिऱ्हाईक कंटाळून परत फिरायचं. मी भर सभेत उठून म्हणालो होतो, "बंदूक बायकोला विचारून ठेवायची, तर उद्या मिशी कुणाला विचारून ठेवायची?" सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. वरच्या साहेबांनाही हसू आवरेना. महिन्याभरात रकाना गेला. मला हार घातला होता!

चहा तसाच टाकून उठलो. कारकून दारापर्यंत आला. वाईट माणूस नाही तो. हळूच म्हणाला, "माझी पण एक मुलगी आहे हो." त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं.

१५ मार्च, शनिवार

परवाना आला. नवा कोरा, पाच वर्षांचा. दुपारी जावई तो नाचवत दुकानात.

"काढा आमचं बाळ बाहेर!"

म्हटलं, घोड्याची स्प्रिंग गेलीय. मागवलीय. आठवडा लागेल.

"तुमच्याकडे स्प्रिंग नाही? मिठाच्या खाणीत मीठ नाही म्हणा की!"

"नेमकी तुमच्याच बनावटीची नाही, जावईबापू."

दुरुस्तीच्या बाबतीत आजवर कुणाशी खोटं बोललो नव्हतो. आज बोललो, आणि फार सफाईनं. दुकान बंद करताना स्प्रिंग खरीच काढून घेतली. खोटंसुद्धा पक्कं असावं.

१७ मार्च, सोमवार

लेकीचा फोन. आवाज इतका खाली, की कान असून नसल्यासारखे.

"बाबा, ते दुरुस्त झालं का?"

"नाही. आणि होणारही नाही."

मग एकदम सगळं बाहेर आलं. त्या दिवशी त्यानं आधी तिच्याकडे धरलं होतं, मग बाजूला वळवून कपाटावर झाडलं. नात दारात उभी होती. "म्हणाला, पुढच्या वेळी बाजूला वळणार नाही."

म्हटलं, आत्ताच्या आत्ता नीघ, मी येतो. पोलिसांनाच घेऊन येतो!

"नको! तो घरात आहे. आणि तक्रार केली हे कळलं तर... शुक्रवारी तो दौऱ्यावर जातोय. छोटीची परीक्षाही त्या दिवशी संपते. आम्ही दोघी येतो. बाबा, तेवढं शुक्रवारपर्यंत त्याच्या हातात देऊ नका. एवढंच करा."

"किल्ली माझ्या गळ्यात आहे, बाळा. देवानं मागितली तरी नाही देणार."

हिनं माळ्यावरची गादी उन्हात टाकलीय. गादी झोडपताना आवाज सगळ्या आळीला ऐकू गेला.

१९ मार्च, बुधवार

दुपारी जावई पुन्हा आला. मी तयारीतच होतो. स्प्रिंगचं पुराण लावलं. त्यानं मध्येच थांबवलं. खांद्यावर थोपटलं.

"राहू द्या हो. कशाला जिवाला लावून घेता? सावकाश होऊ द्या."

गेला की निमूट! हिला म्हटलं, बघ, म्हाताऱ्याचं डोकं अजून चालतं. दोन दिवस काढले की झालं.

२० मार्च, गुरुवार

पुलापलीकडच्या दुकानदाराचा सकाळी फोन. माझ्याच हाताखाली शिकला, अजून मान ठेवतो. "उस्ताद, काल संध्याकाळी तुमचे जावई आले होते. तुमच्याकडचं दुरुस्तीत अडकलंय म्हणाले. परवाना ताजा आहे, त्यावर दोन हत्यारं चालतात. मग काय! तुमच्या घरचा माणूस, अर्ध्या तासात मोकळं केलं. उत्तम नवं दिलंय, काळजी करू नका."

तीस वर्षं या धंद्यात काढली, आणि कुलूप पिस्तुलाला घातलं. परवाना त्याच्या खिशात होता!

लेकीला तीनदा फोन लावला. वाजतोय. उचलत नाही.

निघतो.