सुचवायचं नाही!

४ फेब्रुवारी
आज वाचा सुधारणाऱ्या बाईंकडून बोलणी खाल्ली. अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्यांची जीभ अडते. शब्द डोक्यात असतो, ओठांवर येत नाही. बाईंनी किल्ली दाखवली, "काका, हे काय?" हे "कि... कि..." आणि मी दबक्या आवाजात — "किल्ली!"

"काकू, तुम्हाला नाही विचारलं."

माझा काय दोष? सगळा जन्म नाटकाच्या विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. समोरचा अडला की माझी जीभ सुटलीच! परवा शेजारणीची शिंक येता येता थांबली, तर मी "आक् छी" म्हणून मोकळी. ती अजून बघतेय माझ्याकडे.

पण बाई पुढे जे म्हणाल्या ते इथे लिहूनच ठेवते. "शब्दासाठी त्यांनाच झगडू द्या. तुम्ही पुरवत राहिलात तर बोलणं परत येणार नाही."

५ फेब्रुवारी
उपाय काढला. तोंडात लवंग धरून बसायचं. हे म्हणाले, "मला... मला..." मी लवंग गिळली आणि म्हटलं, "पाणी?" हे मुकाट्यानं पाणी प्याले. तहान नसावी.

७ फेब्रुवारी
दुपारपर्यंत गप्प! मी! शाबास म्हणायला कोणी नव्हतं, तर स्वतःच म्हटलं.

मग लेकीचा फोन आला आणि मुसळ केरात. "आई, बाबांना दे ना." हे फोन धरून "तू... तू..." मी समोर उभी राहून नुसते ओठ हलवले. आवाज नाही हं! हे माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "जेव...लीस का?" लेक पलीकडे रडायलाच लागली. "आई, बाबा किती छान बोलले गं!"

अगं, तुझे बाबा नाही, मीच बोलले. मोठी कलावंत लागून गेलेय ना मी!

नंतर मोरीत नळ सोडून रडून घेतलं. हे असेच राहिले तर मी भांडू कोणाशी?

८ फेब्रुवारी
बाईंनी विचारलं, "काका आधी कितपत बोलायचे?"

"छे हो, अबोलच. लग्नापासून दोघांच्या वाटचं मीच बोलते!" मी हसले. बाईही हसल्या. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दमले असतील.

११ फेब्रुवारी
दिवसभरात एक शब्द सुचवला नाही. जिभेला फोड येणार बहुतेक.

१२ फेब्रुवारी
सकाळी हे आपणहून उठून बसले. "मी..." म्हणाले आणि अडले. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. त्यांना घाम फुटला. मलाही.

"मी... अबोल... नव्हतो."

ओठ अजून हलत होते. पुढे काहीतरी होतं. मी खुर्ची जवळ ओढली आणि गप्प बसले.