कोरा पट्टा

५ ऑक्टोबर
नात विशाखा सकाळच्या रेल्वेनं सेलूला उतरली, तिथून जीपनं देवगाव फाटा, मग पायी. हातात विद्यापीठाचा कागद. नात असली तरी कागद तो कागद. तीनदा मोठ्यानं वाचायला लावला. आपल्या खालच्या तुकड्यात हंगामभर ज्वारीचा प्रयोग करणार, आलेला माल माझा, जमीन जशीच्या तशी. मग सही कशाला?
"आबा, नियम असतो."
नियम होते म्हणूनच बापाला ह्या गायरानाच्या तुकड्यासाठी जन्मभर तहसीलच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. सातबारा नावावर झाला तेव्हा तो बघायलाही राहिला नव्हता.
सही केली. नंतर पेटी उघडून सातबारा आहे का पाहिलं. आहे.

८ ऑक्टो.
पेरणी. वि.चे सर परभणीहून आले. ही पीएच.डी. त्यांच्या हाताखाली करते. तीन पट्टे पाडले आणि कडेला लाल रंगाच्या खुंट्या ठोकल्या. मोजणीवाले ठोकतात तशाच. जाऊन एकेक मोजून आलो.
एका पट्ट्याला नेहमीचं खत. दुसऱ्याला विद्यापीठात बनवलेलं जिवाणू खत. तिसऱ्याला काहीच नाही.
"काहीच न्हाई म्हणजे?"
"पाणी सोडून काही द्यायचं नाही बाबा. तुलना करायला एक पट्टा कोरा लागतो."
आणि हा कोरा पट्टा नेमका रस्त्याच्या कडेला! विचारलं, कामून? म्हणाले, चिठ्ठ्या टाकून ठरवलंय. शिकलेले लोक शेतात चिठ्ठ्या टाकायलेत.

१९ ऑक्टो.
वि.ला विचारलं, ह्यात सरकारचं काय जातं-येतं? म्हणाली, राज्य सरकारनं विद्यापीठाला संशोधनाला पैसे दिलेत, त्यातनंच मला शिकता येतंय. बरं. पण सरकार पैसे देतं म्हणजे काहीतरी नेतंही. काय नेतं ते अजून कळलं नाही.
आज माती नेली. पिशवीत भरून, वर नंबर टाकून. माझी माती आता परभणीत कुठल्या तरी बाटलीत असेल.

९ नोव्हेंबर
कोरा पट्टा पिवळा पडायला लागला. बाकी दोन हिरवेगार. शेजारच्या शेतातला माधव बांधावर उभा राहून म्हणाला, "काका, हे लेकरू सावत्र हाय का?" फाट्याकडं जाणारी माणसं थांबून बघतात.
वि.ला फोन. "आबा, ते तसंच दिसायला पाहिजे."
मला निराळंच वाटतं. जमीन खराब दिसली, कागदावर नापीक लिहिलं, उद्या कुणी म्हणालं हे गायरान परत घ्या, तर? हे वि.ला बोललो नाही. ती हसली असती.

१४ नोव्हें.
सर विद्यापीठाची पोरं-पोरी घेऊन आले, वि.ही संगं. गाडीभर. एका शहरी पोराला ज्वारी कुठली न् मका कुठली कळेना. शेतीच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे म्हणे! त्याला दोन्हीचं पान हातात देऊन दाखवलं. पाथरीकडची एक पोरगी चांगली. काळी माती किती खोल आहे विचारलं. म्हणालो, विहीर खांदताना दोन पुरुष खोलपर्यंत काळीच लागली. तिनं लगेच लिहून घेतलं. माझं सांगणं कुणी लिहून घेण्याची ही पहिलीच वेळ.
सर त्यांना सांगत होते, "तुमच्या पुस्तकातले आकडे दुसऱ्या मुलखातल्या मातीचे आहेत. आपली माती कुणी मोजलीच नाही. ह्या शेतातनं जे निघेल ते पुढच्या वर्षी वर्गात शिकवायचं. त्यासाठी हा पैसा." बोलणं पटलं. माणूस पटला असं नाही.
निघताना एका पोराच्या वहीत नजर गेली. कोऱ्या पट्ट्यापुढं लिहिलेलं: 'जमीन हलकी.'
तिथनं उठलो, विहिरीकडं गेलो. हलकी!

१६ नोव्हें.
पाण्याची पाळी होती. कोऱ्या पट्ट्याला पाणी सोडायच्या आधी दोन तांबे युरिया फेकला. सकाळी, धुकं होतं. कुणी बघितलं नाही.
पीक मुद्दाम उपाशी ठेवणं माझ्या हातून होत नाही. एवढंच.

२६ नोव्हें.
पट्टा काळपट हिरवा झाला. माधव म्हणाला, "काका, सावत्र लेकरू जेवलं वाटतं!" मीही हसलो. लय दिवसांनी.

२९ नोव्हें.
वि. मोजायला आली. ज्वारीच्या ताटाची उंची, पानाची रुंदी. कोरा पट्टा मोजला. पुन्हा मोजला. पट्टी बदलून तिसऱ्यांदा मोजला. दुपारची भाकरी तशीच राहिली.
"आबा, तुमी ह्याच्यात काई टाकलं का?"
"न्हाई."
आलं तोंडातून. तिनं लगेच मान हलवली, पुढं काहीच विचारलं नाही. आयुष्यभर मी सगळ्यांवर शक घेतला आणि हिनं माझ्यावर एक घटकाभरही घेतला नाही. ते लय लागलं.

६ डिसेंबर
सकाळी विहारात वंदनेला गेलो. शाळेतले गुरुजी शिक्षणावर बोलले. मी मान खाली घालून बसलो. वि. आली नव्हती, घरी लिहीत बसलेली. परत आलो तर सरांशी फोन चालू, आवाज मोठा ठेवलेला.
सर: "तुझ्या आजोबांच्या शेतात जिवाणू खताचा फायदा दिसत नाहीये. काहीच न दिलेलं पीक बरोबरीला आलंय. आहे तसं लिहू. पैसे पुढच्या वर्षी द्यायचे का, ते बघायला सरकारची समिती येतीय. त्यांनाही हेच दाखवायचं."
वि.: "सर, माझंच मोजायचं चुकलं असंल."
सर: "तीनदा चुकतं का? निष्कर्ष उलटा आला तरी तो निष्कर्षच असतो."
फोन ठेवून तिनं वही मिटली. म्हणाली, समितीनं नको म्हटलं तर हे काम बंद, माझी जागाही बंद, पोरांचं शेतावर येणंही बंद. पुन्हा पुस्तकातली दुसऱ्याची माती.
मी चहा ठेवायला उठलो. पाणी उकळून आटलं तरी पत्ती टाकायचं सुचलं नाही.

११ डिसें.
सांगितलं. ती ओसरीवर मातीच्या पिशव्या बांधत होती. म्हणालो, दोन तांबे. युरिया. मीच.
वाटलं रागावेल, रडेल. ती उठली, घरातला तोच तांब्या आणला, पोत्यातला युरिया काठोकाठ भरला, काट्यावर ठेवला आणि आकडा लिहिला. मग विचारलं, काठोकाठ का जरा कमी? तारीख कुठली? पाण्याआधी का नंतर? कुठल्या टोकाकडून फेकत गेलात? पोलिसानं विचारावं तसं, पण हलक्या आवाजात.
शेवटी पेन ठेवला. "पण कामून, आबा?"
'जमीन हलकी'चं सांगितलं. गायरानाचंही सांगितलं, जे कधी बोललो नव्हतो.
"आबा, त्या पोराचं चुकलं होतं. सरांनी तिथंच खोडायला लावलं. तुमी तवा विहिरीकडं गेला होतात."


१३ डिसें.
वि. परभणीला जाऊन आली.
"सांगितलं का सरांना?"
"सांगितलं."
"काय म्हणाले?"
"बघू म्हणाले."
बोलताना चप्पल काढत होती. वाकूनच बोलली. चप्पल काढायला एवढा वेळ?

१७ डिसें.
सरांचा फोन नाही. एरवी खुंटी कलली तरी फोन करणारा माणूस. एवढी गोष्ट कळल्यावर गप्प बसेल?
वि. पाणी आणायला गेली तेव्हा तिची वही उघडली. वाईट केलं, पण उघडली. तिसरा पट्टा: 'काहीही दिले नाही.' खाडाखोड नाही. दुसरीकडं लिहिलं असेल. दोन पानं पुढं उलटली तोवर ती दारात.
"आबा."
"काई न्हाई, बघायलो होतो."
"झालं ते झालं आबा. तुमचं नाव कशाला यायला पाहिजे त्यात?"
म्हणजे काय? सांगितलं पण नाव घेतलं नाही, का सांगितलंच नाही? विचारलं तर म्हणाली, तुमी फिकीर करू नका. सरकारी माणसं मला असंच म्हणायची.

२० डिसें.
झोपेचं खोबरं. सरकार आपल्याला फसवतंय ह्या फिकिरीत हयात गेली. आता नात माझ्यासाठी सरकारला फसवायली का, ही फिकीर. ती शिकली, तिच्याकडून खोटं लिहिलं जाऊ नये. ते वर्गात शिकवणार. पाथरीकडची ती पोरगी खाली मान घालून उतरवून घेणार, आणि उद्या आपल्या बापाला सांगणार, काळ्या मातीत जिवाणू खत टाकू नका, काही फायदा नाही. माझे दोन तांबे कुठवर जायलेत!
आणि खरं बोललो तर? समिती म्हणेल ह्यांच्या शेतावर भरवसा नाही. वि.ची जागा जाईल. तिच्या तोंडावर तिचं खोटं मीच उघडं केलं असं होईल. आणि ती खरंच सांगून आली असेल तर मी आपल्या नातीवर शक घेतला असं होईल.
माधवला विचारावं वाटलं. नाही विचारलं. गावभर करील.

२२ डिसें.
वि.चा निरोप: उद्या अकरा वाजता समिती, सर आणि विद्यार्थी, सगळे एकदमच येणार. आबा, धुतलेला सदरा घाला.
सदरा काढून ठेवला. सकाळी पट्ट्यावर जाऊन आलो. कणसं भरायला लागली, उगाच चांगली भरली.
उद्या मी खुंट्यांजवळच उभा राहणार. सर पोरांना कोऱ्या पट्ट्याबद्दल काय सांगतात ते नीट ऐकायचं. खरं सांगितलं तर खाली मान घालून उभा राहीन, काय म्हणतील ते म्हणू देत. पण 'ह्याला काहीही दिलं नव्हतं' असं म्हणाले, तर मधेच बोलावं लागेल. एवढ्या लोकांत. वि. समोर असताना.
तोंडातून खरं येईल का?