मेन बंद केल्यावर

सोमवार

पोचले एकदाची. मला लिहिता येत नाही, हे आधीच सांगून टाकते; मी बोलते आणि माझी नात लिहिते. बाळंतिणीने काही करू नये म्हणतात, पण पलंगावर बसून पेन चालवायला काय धाड भरलीय? तिच्या आईला, म्हणजे माझ्या लेकीला, रजा मिळेना, म्हणून ही रिकामटेकडी आजी धाडून दिली. घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. जिना असा, की चढताना माझे दोन्ही गुडघे एकमेकांशी भांडले. पण उजेड भरपूर. नातजावई वायरमन आहे, त्यामुळे जिथे भिंत तिथे बटण. एकाने पंखा लागतो, एकाने दिवा, आणि एक कशाचं ते त्यालाही आठवेना.

पणतीचं नाव अजून ठरलेलं नाही. मी तिला बाईसाहेब म्हणते, कारण हुकूम सोडण्यापलीकडे ती तोंड उघडत नाही. नात मात्र चांगलीच गोल झालीय. मी म्हटलं, बाळसं लेकीला यायचं ते आईलाच आलं. हसली. आत्ता लिहितानाही हसतेय, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर दोष माझा नाही.

मंगळवार

बाईसाहेब प्याल्या, झोपल्या, ओरडल्या. शेजारीण बाळ बघायला आली. नाक कोणावर गेलं ते पाहिलं, बोटं पाहिली, वजन विचारलं. आईकडे बघायचं तेवढं राहिलं. नातीचं डोकं दुखतंय. नातजावई म्हणे, जागरणाने दुखतं. मीही तेच म्हटलं. आमचं दोघांचं एकमत पहिल्यांदाच झालं असेल. गोळी घेतली, झोपली, उठली, तरी दुखतंयच. अंगठी बोटात रुतलीय. साबण लावून ओढली, निघेना. मी म्हटलं, नवऱ्याला सोडायचं तुझ्या बोटाच्याच मनात दिसत नाही. या वेळी हसली नाही.

बुधवार

दुपारी पडल्या पडल्या म्हणाली, बोर्डापाशी ठिणग्या उडतायत. बारीक, चांदीच्या. वायरमनच्या घरात ठिणगी म्हणजे अब्रूचाच प्रश्न की! नातजावई स्टूल आणि टेस्टर घेऊन धावला, बोर्ड खोलला, एकेक तार हुंगून पाहावी तशी पाहिली. काही नाही. मलाही काही दिसलं नाही, पण मोतीबिंदूवालीची साक्ष कोण धरणार? पलंग समोरच्या भिंतीला लावला. जरा वेळाने ती म्हणाली, आता इकडेही आल्या.

गुरुवार

पलंग दुसऱ्या खोलीत नेला. ठिणग्या पाठोपाठ आल्या. छतावर, पडद्यावर, माझ्या पदरावर. नातजावयाने घरातले सगळे बोर्ड उघडलेत. जिकडे तिकडे तारा लोंबतायत, जणू घराची आतडी बाहेर आलीयत. भूतखेत मी मानत नाही. एवढं आयुष्य गेलं, एकानेही कधी ओळख दाखवली नाही. पण ही माझ्याशी बोलते आणि बघते माझ्या खांद्यामागे. मान वळवायची नाही असं ठरवलं होतं. वळवली. भिंत होती.

उजेड तिला सोसत नाही, म्हणून पडदे ओढलेत. बरगड्यांखाली दुखतंय म्हणते. मी म्हटलं, अन्न पचलं नसेल. म्हटलं खरं. नातजावई म्हणतो, उद्या मेनच बंद करतो. वीजच नसली तर ठिणगी येणार कुठून?

शुक्रवार, सकाळ

मेन बंद केला. पंखा थांबला. फ्रिजची घरघर थांबली. नातजावयाने हसत विचारलं, गेल्या का गं?

ती म्हणाली, वाढल्या.

त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं, काढायचं त्याला सुचेना. मग ती माझ्याकडे वळली आणि अगदी साधेपणाने विचारलं, आजी, तुझा अर्धा चेहरा कुठे गेला?

आम्ही भिंती उघडत बसलो — भिंती — आणि हे तर हिच्या आत —

शुक्रवार, नंतर

बाळंतपण झालं त्या दवाखान्यात फोन लावला. नर्सबाईंनी बाळाचं विचारलंच नाही, हिचंच विचारलं. डोकं? डोळे? सूज? बरगड्यांखाली दुखतंय? हो. हो. हो. हो. त्या म्हणाल्या, बाळंतपणानंतरही बीपी असं चढतं, आधी कधी नसलं तरी. फिटचा झटका येऊ शकतो. वाट बघू नका, ॲम्ब्युलन्स पाठवतोय. एकटीला सोडू नका. झटका आलाच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. नातजावई आपला तेच धरून बसला, पण मॅडम, बाळंतपण तर झालं ना आता, सुटली ना ती? त्या म्हणाल्या, नाही.

बाळसं म्हणाले मी त्या सुजेला. बाळसं.

शुक्रवार

बाईसाहेब शेजारणीकडे. नातजावई खाली, रस्त्यात उभा. खोलीत आम्ही दोघी.

वही ठेव म्हटलं, ठेवत नाही. बोलवत नाही म्हणते, लिहवतं. बरं, लिही. मला वाचता येत नाही, पण पेन हलतंय ते दिसतं. हलतंय तोवर —

ओळी पानाच्या एकाच बाजूला येतायत. अर्धं पान कोरं. तिला वाटतंय, पान भरलं.

गाडी — नाही, दुसरीच कुठली.

लिही, पोरी. काहीही लिही. आजी बडबडी आहे लिही. आजीला अक्कल नाही लिही —

तुझ्या ओठाचा कोपरा उडतोय — हे नको लिहू —

आली. आली बघ. जिन्यात पावलं — स्ट्रेचर आपटतंय भिंतीला — हळू रे, हळू, नको हळू, पळा —

कुशीवर वळ. माझ्याकडे. अशी. पुरे आता लिहिणं, बोटं सैल कर, मी धरलंय तुला, पेन सोड, राणी, पेन सो