जानेवारीच्या पानावरचा माणूस

८ जानेवारी, गुरुवार
मानेसरच्या कंपनीचं कॅलेंडर आलं. ऑक्टोबरात तिथे काढलेले माझे बारा फोटो. पहिल्याच पानावर शिवपूजन. पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या प्रेससमोर उभा, नजर खाली, मशीनच्या हिरव्या दिव्याचा उजेड गालावर. सुधा म्हणाली, "पूजेला बसल्यासारखा दिसतोय." बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

१२ जानेवारी, सोमवार
दुपारी कंपनीतून यादवजींचा फोन. सेफ्टी त्यांच्याकडे. ज्यांना ही कंपनी पार्ट पुरवते त्यांचा ऑडिटर आला होता, रिसेप्शनवरच्या कॅलेंडरपाशी थांबला. प्रेसपुढची पिवळी जाळी उघडी, दिवा हिरवा, हात आत. म्हणजे चालू मशीनमध्ये हात. शिवपूजनला कामावरून थांबवलंय.
"भाईसाहब, जाली आपने हटवाई थी? ये तो ऐसा ही बोल रहा है."
मी म्हणालो, "मुझे तो याद नहीं. ये लोग खुद ही खोल लेते हैं."
दोन वाक्यं. कुणी पाठ करून घेतल्यासारखी बाहेर पडली. मग ते म्हणाले, बुरा मत मानना, एप्रिलमध्ये नव्या प्लांटचं शूट तुम्हीच करायचंय. मी थँक्यू म्हणालो.
ये लोग. माझे वडील सूतगिरणीत होते.

१३ जानेवारी, मंगळवार
हार्ड डिस्क उघडली. सगळं आहे. पहिल्या सात फ्रेममध्ये जाळी बंद, तिची सावली चेहऱ्यावर चौकटी-चौकटींची. आठव्यात त्याचा हात जाळीवर आणि तो माझ्याकडे बघतोय. विचारतोय. मी काय म्हणालो ते शब्दासकट आठवतं: "थोड़ा साइड में कर दो, चेहरा खुल जाएगा."
मशीन त्यानं आधी बंद केलं होतं, त्याबरोबर दिवाही गेला. मग मीच म्हणालो, तेवढी बत्ती लागेल का. त्यानं नुसती वीज चालू केली, प्रेस नाही, आणि हात मागे घेतले. मी म्हणालो, हात पुढे, कामात असल्यासारखे.
त्याची बोटं शाबूत राहावीत म्हणून ती जाळी. मला ती मधे येत होती.
संध्याकाळी देवापुढे बसलो. नाम घेताना रोज ओठ आपोआप हलतात. आज...

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. सुधा सोसायटीत तिळगूळ वाटून आली. तिला सांगितलं सगळं.
"मग सांगून टाका ना त्यांना."
म्हटलं, परत विचारतील तेव्हा सांगीन.
"विचारलं की त्यांनी." मटार सोलत होती. वर बघितलं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार
यादवजींकडे गेलो नाही. कारणं इथे लिहायला घेतली, तीन झाली, खोडली. एप्रिलचं काम, हे एकच खरं.

१७ जानेवारी, शनिवार
मानेसरला गेलो. गाडी न्यायची लाज वाटली, शेअर ऑटोनं. शिवपूजनचा नंबर होता, दिवाळीत त्याला हाच फोटो पाठवला होता मी. एका ओळीत वीस खोल्या, त्यातली एक, त्यात तिघं. शि. वयानं माझ्याएवढाच. गेट पास काढून घेतलाय. ठेकेदार म्हणतो चौकशी होईस्तोवर खोलीवर बस, नंतरचं नंतर.
चहा केला त्यानं. मी वाटेत जुळवलेलं बोलायला लागलो, की त्या दिवशी फोनवर मला नीट आठवलं नाही...
"सर, मैं वहीं खड़ा था. फोन स्पीकर पे था."
आवाज चढवला नाही. कप माझ्या हातात. पिता येईना, ठेवता येईना.
खाटेवर पडलेला त्याचा सोबती म्हणाला, "अरे साहब को ठीक से बैठाओ. जाली-वाली हटा के." आणि एकटाच हसला.
मी माफी मागितली. शि. म्हणाला, फोटो गावाला पाठवला होता, मुलीनं मोबाइलवर लावलाय, तिला आता काय सांगू. मग जरा वेळानं: "माफी का मैं क्या करूँगा. लिख के दीजिए."

१९ जानेवारी, सोमवार
पत्र आणि आठही फ्रेम यादवजींच्या हातात दिल्या. वाचलं. उठून दार लावलं. म्हणाले, याच्यानं तो सुटत नाही. बाहेरच्या माणसाच्या सांगण्यावरून जाळी उघडली, हे तर आणखी वाईट. आणि तुम्हाला पुन्हा कुठल्या प्लांटात घेणार? मग कागद माझ्याकडे सरकवला.
"ले जाइए. मैंने देखा नहीं."
नाही उचलला. पण नाही असंही लगेच म्हणालो नाही. हात टेबलाखाली धरून बसलो होतो. कागद किती वेळ मधे पडून होता ते देवाला माहीत आहे, शि.ला नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो. शेवटी म्हणालो, "रख लीजिए."

२२ जानेवारी, गुरुवार
उद्या अकराला चौकशी. दोघांनाही बोलावलंय. शि.ला फोन केला. यादवजी जे म्हणाले ते सांगितलं, की माझं पत्र उलटूही शकतं. त्याच्या मागे रस्त्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न.
"लिखा क्या है, पढ़िए."
वाचलं, सावकाश. मशीन बंद होतं, बत्ती मी लावायला सांगितली, तेही. एका ठिकाणी त्यानं थांबवलं. मी 'अनुरोध किया' असं लिहिलं होतं.
"अनुरोध नहीं, सर. आपने बोला था. मैंने पूछा, आपने बोला."
नवी प्रत काढली. उद्या तीच देईन.
"कल आइएगा न?"
म्हटलं, आऊँगा.
"ठीक है," तो म्हणाला. "देखते हैं."